बारावी खुर्ची

“आणि बारावा कोण?” म्हाताऱ्या फादरांनी विचारलं.

पास्कल अकरा नावं एका दमात सांगून मुद्दाम थांबला होता. हा प्रश्न यावा म्हणूनच थांबला होता.

“बारावे लुकसनाना.”

फादर अंगणात बाजेवर बसून शेवग्याच्या शेंगा मोडत होते. हातातली शेंग अर्धवट मोडून तशीच राहिली.

“लुकस पठारे?”

“हो, फादर.”

“तो हो म्हणाला?”

“मी स्वतः गेलो होतो. पाण्याच्या टाकीवर, सगळ्या गावादेखत. हात जोडले, मिठी मारली, म्हटलं, नाना, गुरुवारी मला तुमचे पाय धुवायचेत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हो म्हणाले.”

पास्कलला वाटलं, आता फादर उठतील आणि पाठीवर हात ठेवतील.

फादर उठले नाहीत. हातातली शेंग त्यांनी टोपलीत टाकली आणि दुसरी घेतली.

“कुठल्या खुर्चीवर?” त्यांनी विचारलं.

…

आता खडकवस्तीची ही खुर्चीची भानगड काय आहे, ते सांगायला हवं.

शेवटच्या जेवणाच्या वेळी येशूनं आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले. म्हणून पवित्र गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये वेदीपुढे बारा खुर्च्या मांडतात. गावातले बारा पुरुष त्यांवर बसतात आणि त्यांचा एकेक पाय, उजवा, धुतला जातो. तसं हे सगळीकडेच होतं.

खडकवस्तीची मंडळी मात्र धुवून घ्यायचे पाय आधी घरी धुवून येतात. फादरांपुढं मळका पाय काय करायचा? दुपारपासून नळावर वजरीनं टाचा घासायचं काम चालतं. काही हुशार तर नुसता उजवाच घासतात.

एवढ्यावर भागलं असतं तरी हसून सोडून दिलं असतं. पण गावानं खुर्च्यांनाही नावं देऊन ठेवली होती. पहिली पेत्राची, दुसरी योहानाची, असं करत करत शेवटची, दाराकडची, यहूदाची. मिठी मारून, मुका घेऊन प्रभूला शत्रूच्या हाती धरून देणाऱ्याची. हे कुणी शिकवलं नव्हतं. फादरांनी कितीदा वेदीवरून सांगितलं, अरे, खुर्ची ती खुर्ची. लोकांनी माना डोलावल्या आणि आपापल्या खुर्च्या धरून ठेवल्या. बापामागं लेकानं त्याच खुर्चीवर बसायचं.

एका वर्षी दिवे नावाचा वायरमन हसत हसत त्या शेवटच्या खुर्चीवर बसला. ईस्टर उलटायच्या आत तो ‘यहूदा वायरमन’ झाला. पोरं खांबाखाली उभी राहून त्याला त्या नावानं हाका मारू लागली. मग त्याच्या बायकोला लोक ‘यहूदाची बाई’ म्हणू लागले. शेवटी त्यानं बदली करून घेतली. नाव मागं राहिलं, ते अजून आहे.

तेव्हापासून गाव बाराव्या खुर्चीसाठी बाहेरचा माणूस गाठतं. एकदा जीपचा ड्रायव्हर सापडला. एकदा बियाणं विकायला आलेला एजंट. गेल्या वर्षी कुणाचा तरी नाशिकचा मेहुणा. बिचारा पाय धुवून घेऊन खूश होऊन गेला.

आणि यंदा लुकस पठारे. गावातला, घरदार असलेला, पोरीचं लग्न ठरलेला माणूस.

…

“कुठल्या खुर्चीवर, पास्कल?”

“जी रिकामी राहील तिच्यावर.”

“बाकीचे अकरा जण आपापल्या सोडणार आहेत?”

“… नाही.”

“मग?”

“मग ती. दाराकडची.” पास्कलनं मान वर केली. “प्रभूनं यहूदाचेसुद्धा पाय धुतले, फादर. तुम्हीच शिकवलंत मला.”

खरंच होतं. पास्कल शाळकरी असल्यापासून या अंगणात शिकला होता. प्रार्थना, प्रवचनं, शास्त्र सगळं. जुने मास्तर वारले तेव्हा गावाला प्रार्थना शिकवायचं, चर्च सांभाळायचं काम फादरांनी त्याच्यावरच सोपवलं. फादरांचे गुडघे गेलेले. त्यांना खाली बसता येत नसे. ते उभ्यानं तांब्यातलं पाणी ओतत आणि मास्तर गुडघ्यांवर बसून पाय धुवत. यंदा पहिल्यांदाच हा मान पास्कलकडे आला होता.

त्याला सगळ्या आज्ञा पाठ होत्या, आणि आपण त्या पाळतो हेही त्याला पाठ होतं.

“शिकवलं मी,” फादर म्हणाले. “ते पाय धुतले जात होते तेव्हा बाकीच्या अकरा जणांना कळलं होतं का, हा कोण आहे ते?”

पास्कल टोपलीतल्या शेंगांकडं बघू लागला.

“जेवताना प्रभू म्हणाला, तुमच्यातलाच एकजण मला धरून देणार आहे. तेव्हा ते काय म्हणाले?”

“… जो तो विचारायला लागला, तो मी तर नाही ना?”

“जो तो. यहूदाकडं कुणी बोटसुद्धा दाखवलं नाही. प्रभूनं त्याचे पाय असे धुतले होते.”

शेजारच्या नळावर कुणीतरी टाच घासत होतं. खसखस ऐकू येत होती.

“लुकसच्या सलोमीचं लग्न ठरलंय,” फादर म्हणाले. “नवऱ्याकडची माणसं ईस्टरला यायची आहेत.”

“माहितीये मला.”

“गाव त्यांना काय सांगेल?”

“मी काय करू त्याला?” पास्कलचा आवाज चढला. “सलोमीचं ठरलंय म्हणता. माझ्या अंतोनचं काय ठरलं होतं, फादर?”



अंतोन हा पास्कलचा धाकटा भाऊ. पोलीस भरतीत पळायला पहिला, लेखीत वर, नाव लागलेलं. तेवढ्यात टाकीच्या पाण्यावरून मारामारी झाली, कुणाचं तरी डोकं फुटलं. अंतोन तिथं नव्हताच. पण लुकसनं साक्ष दिली की काठी अंतोननंच मारली. का दिली? ज्यानं मारली तो लुकसचा पुतण्या होता. केस झाली, भरती गेली. पुढं कोर्टात साक्ष फुटली, अंतोन सुटला, पण तोवर वय उलटून गेलं होतं. लुकसनं चर्चला येणं सोडलं. कुणी काही बोललं नाही, आणि त्यानंही कधी तोंडातून शब्द काढला नाही.

“पुण्यात एका गोदामाच्या फाटकावर बसतो तो,” पास्कल म्हणाला. “खाकीच घालतो. वॉचमनची. गावाकडं येत नाही. नाताळला नाही, ईस्टरला नाही. आईनं वाट बघून बघून आता त्याचं नाव घ्यायचं सोडलंय.”

“मला माहीत आहे.”

“तरी मी त्या माणसाकडं गेलो. हात जोडले. त्याच्या पायाशी बसणार आहे, सगळ्यांसमोर. आणखी काय करायचं असतं? वैऱ्यावर प्रीती करा म्हटलंय. करतोय मी.”

“हो,” फादर म्हणाले. “आज्ञा मोडून माणसाचा जीव घेणारे मी पुष्कळ पाहिले. आज्ञा पाळून घ्यायला निघालेला तू पहिलाच.”

पास्कलच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. या माणसावर त्याचा बापापेक्षा जास्त जीव होता आणि या घटकेला त्याला त्याचा भयंकर राग आला.

“मग काय, नको या म्हणून सांगून येऊ त्यांना?”

“मी कुठं काय म्हटलं?”

“खुर्ची बदलू?”

“खुर्च्या तू मांडायच्या. पाय तू धुवायचे.” फादरांनी टोपली पुढं ओढली. “मी नुसतं पाणी ओततो.”

…

पास्कलनं खुर्च्या मांडल्या.

एकदा मांडल्या, मग दाराकडची उचलून मध्ये घातली. मग दुसरीकडे घातली. कुठंही घातली तरी जी उरेल ती तीच होणार होती. शेवटी त्यानं ती होती तिथं ठेवली आणि जोरात ठेवली.

दुपारभर तो धावत होता. सतरंज्या झटकल्या, बाकं सरकवली, ट्रॅक्टरमधून जनरेटर उतरवून घेतला. उन्हाळ्याचा फुफाटा पोटरीपर्यंत चढला होता. कपडे बदलायला कसाबसा वेळ मिळाला.

मध्येच त्यानं खिडकीतून पाहिलं. लुकस पठारे फादरांच्या खोलीच्या दारात उभा होता. टोपी हातात, मान खाली. आत फादर काहीतरी बोलत होते, की ऐकत होते, ते इथून कळत नव्हतं.

झालं, पास्कलच्या मनात आलं. म्हातारा सांगून टाकणार. आता नाना येत नाहीत.

त्याला वाईट वाटलं. सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही खरं होतं.

…

घंटा झाली. लोक आले. पेत्र बसला, योहान बसला, एकेकजण आपापल्या खुर्चीवर बसला. टाचा कशा लखलखीत.

दाराकडची खुर्ची रिकामी होती. चर्चमधली प्रत्येक नजर फिरून फिरून तिच्यावरच येत होती.

लुकस आला.

तो थांबला नाही. कुठं बसायचं म्हणून त्यानं इकडंतिकडं पाहिलंही नाही. सरळ चालत आला, त्या खुर्चीपाशी वहाणा काढल्या आणि बसला. हात मांड्यांवर ठेवले.

बायकांच्या बाजूला कुजबूज उठली आणि लगेच विरली. तिथं पुढंच सलोमी उभी होती. पास्कलला वाटलं होतं, ती तोंड लपवेल. तिनं मान खाली घातली नव्हती. ती बापाकडं बघत होती.

शास्त्रवाचन झालं. प्रवचनात फादर खुर्चीविषयी अवाक्षर बोलले नाहीत. मग त्यांनी तांब्या घेतला. पास्कलनं कमरेला पंचा बांधला, परात उचलली आणि पहिल्या खुर्चीपुढं गुडघे टेकले.

पाणी ओतलं जाई. तो पाय धुई, पुशी, पुढं सरके. गायनमंडळी हळू आवाजात गात होती. पेटीचा एक सूर अडकत होता.

सकाळीच त्यानं अंतोनला फोन केला होता. म्हटलं होतं, “आज त्या खुर्चीवर कोण बसतंय, ठाऊक आहे का?” नाव ऐकून अंतोन हसला होता. सगळं झाल्यापासून पहिल्यांदा हसला होता. “फोटो काढायला सांग कुणाला तरी,” म्हणाला होता.

हे त्यानं फादरांना सांगितलं नव्हतं.

पाचवा. सहावा. हात आपोआप चालत होते. भावाचं हसू कानात होतं, आणि ते त्याला हवं होतं. फार दिवसांनी मिळालं होतं ते.

दहावा. अकरावा.

मग त्याच्यासमोर लुकस पठारेचे पाय आले.

न घासलेले. टाचा उभ्या आडव्या फाटलेल्या, भेगांत कांद्याच्या रानाची माती. अंगठ्याचं नख काळं पडलेलं. उजवा पाय परातीकडं पुढं केलेला होता. वर पाहायची पास्कलला गरज नव्हती. आता पेटीसुद्धा थांबली होती.

पाणी मात्र येत नव्हतं. फादर तांब्या तिरका करून थांबले होते.

पास्कलनं मागं वळून पाहिलं. सारं गाव लुकसच्या तोंडाकडं बघत होतं. त्याच्या पायाकडं कुणीच नाही. मागच्या बाकावरच्या दोन पोरांची तोंडं एकमेकांच्या कानाशी होती आणि ती हसत होती.

आपल्याला हेच हवं होतं, हे पास्कलला कळलं. हेच, असंच. आणि त्याला स्वतःची इतकी किळस आली की हातातली परात खाली ठेवावी लागली.

“नाना,” तो म्हणाला, “उठा.”

लुकसनं त्याच्याकडं पाहिलं.

“उठा, नाना. तिथं मला बसायचंय.”

“आरं, आसं नको करू, मास्तर,” लुकस हळूच म्हणाला. “ज्याचं त्याला राहू दे. मी बसतो.”

“उठा म्हणतो ना!”

आवाज मोठा झाला. सगळ्यांनी ऐकला. लुकस चाचपडत उठला आणि पास्कल त्या खुर्चीवर बसला.

पेत्राच्या खुर्चीवरचा म्हातारा शेजाऱ्याला विचारू लागला, “मंग आता बारावा कोन?” शेजारी म्हणाला, “गप बसा.”

फादर तांब्या घेऊन उभेच. त्यांना खाली बसता येत नव्हतं. धुणारा खुर्चीवर जाऊन बसला होता. परात नुसतीच जमिनीवर पडली होती.

लुकसनं पास्कलच्या कमरेचा पंचा सोडून घेतला आणि गुडघे टेकले.

तेव्हा पास्कलचं स्वतःच्या पायांकडं लक्ष गेलं. दुसऱ्यांचे धुवायचे म्हणून आपले धुवायचे असतात हे त्याला सुचलंच नव्हतं. पोटरीपर्यंत फुफाटा, बोटांत चिखल, टाचेला कुठंतरी लागलेलं जनरेटरचं काळं तेल. सबंध रांगेत तेवढेच मळके पाय उरले होते, एक त्याचे आणि एक समोर बसलेल्याचे.

त्यानं पाय मागं ओढला.

लुकसनं घोटा धरला. ओढला नाही, नुसता धरून ठेवला.

“आंतोनचं…” तो म्हणाला आणि पुढं त्याला बोलवेना. खालच्या मानेनंच म्हणाला, “त्याचं वाटूळं म्या केलं. म्या खोटं बोललो. समद्यांनी ऐका.”

इतकी वर्षं ज्याची कुजबूज होती ते एवढ्या मोठ्यानं बोललं गेलं होतं.

फादरांनी पाणी ओतलं.

ते परातीत काळंकुट्ट होऊन पडलं. लुकसनं बोटांच्या बेचक्या धुतल्या. तेलाचा डाग निघेना, तो अंगठ्यानं घासत राहिला. पास्कल रडत होता आणि त्याला ते लपवता येत नव्हतं.

…

सगळे पांगल्यावर वेदीमागच्या खोलीत फादर परात पुसत होते. पास्कल दारात येऊन उभा राहिला.

“फादर.”

“हं.”

“पोरं आत्ताच चौकात म्हणत होती. यहूदा मास्तर.”

फादरांनी परात पालथी घातली.

“आता हे नाव जन्मभर पुरणार,” पास्कल म्हणाला. बोलताना त्याच्या आवाजात पुन्हा थोडा ताठा आला होता. “नानांवर येणारं मी माझ्यावर घेतलं. सलोमीचं लग्न तरी निर्विघ्न होईल.”

फादरांनी पंचा पिळून खुंटीला लावला.

पास्कल आत आला.

“दुपारी नाना तुमच्याकडं आले होते. मी पाहिलं.”

“आला होता.”

“तुम्ही त्यांना सांगितलंत ना, मी त्यांना कुठं बसवणार आहे ते?”

“मी कशाला सांगू?”

“मग ते सरळ त्याच खुर्चीवर कसे येऊन बसले? आणि सलोमी… तिला जरासुद्धा नवल वाटलं नाही.” पास्कल अडखळला. “आणि तुम्हालाही वाटत नाहीये. गाव मला यहूदा म्हणतंय, फादर.”

फादरांनी दिवा मालवायला हात वर केला आणि तो तसाच ठेवून त्याच्याकडं पाहिलं.

“गावाला उशिराच कळतं, पास्कल,” ते म्हणाले. “लुकसला टाकीवरच कळलं होतं. तू मिठी मारलीस तेव्हा.”